पालमचे 'कम्युनिकेशन स्क्वाड्रन' : अतिमहत्त्वाच्या व्यक्तींची हवाई सेवा

नवी दिल्ली : राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि पंतप्रधान यांच्या हवाई प्रवासाची जबाबदारी भारतीय हवाई दलाच्या 'एअर हेडक्वार्टर्स कम्युनिकेशन स्क्वाड्रन' या पथकाकडे आहे. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या या पथकाचे मुख्य ठाणे दिल्लीतील पालम हवाई तळावर असून, अन्य वरिष्ठ मान्यवर तसेच संरक्षण दलांचे ज्येष्ठ अधिकारीही त्याच्या विमानांतून प्रवास करतात.

प्रारंभी पथकाची भिस्त डाकोटा विमानांवर होती. पुढे व्हायकाउंट, एव्हरो, सोव्हिएत बनावटीचे टीयू-१२४ आणि बोईंग ७३७ ही विमाने त्याच्या सेवेत आली. सध्याच्या ताफ्यात तीन बोईंग बिझनेस जेट विमाने असून त्यांची नावे राजदूत, राजहंस आणि राजकमल अशी आहेत. देशांतर्गत व जवळच्या परदेश दौऱ्यांसाठी त्यांचा उपयोग होतो. छोट्या धावपट्ट्यांसाठी एम्ब्रेअर विमाने, तर विमानतळ नसलेल्या ठिकाणांसाठी एमआय-१७ हेलिकॉप्टर वापरली जातात. पंतप्रधानांच्या हेलिकॉप्टर दौऱ्यात साधारणतः तीन हेलिकॉप्टर एकत्र उड्डाण करतात.

दूर पल्ल्याच्या प्रवासासाठी पूर्वी एअर इंडियाची बोईंग ७४७ विमाने घेतली जात. दोन बोईंग ७७७-३००ईआर विमानांपैकी पहिले ऑक्टोबर २०२० मध्ये दिल्लीत दाखल झाल्यानंतर ही व्यवस्था बदलली. क्षेपणास्त्रापासून बचाव करणारी यंत्रणा बसविलेली ही विमाने हवाई दलाचे वैमानिक चालवितात. 'एअर इंडिया वन' हे नाव मात्र लोकांच्या तोंडी कायम राहिले.

जोरहाटची रात्र

या पथकाच्या इतिहासातील सर्वांत कठीण प्रसंग ४ नोव्हेंबर १९७७ रोजी घडला. तत्कालीन पंतप्रधान मोरारजी देसाई यांना घेऊन दिल्लीहून निघालेले टीयू-१२४ विमान 'पुष्पक मेघ' आसाममधील जोरहाट येथे रात्री उतरण्याच्या प्रयत्नात असताना टेकेलागावजवळील शेतात कोसळले. विमानाच्या पुढील भागातील पाच कर्मचारी मृत्युमुखी पडले. पूर्वीच्या मुंबई राज्याचे मुख्यमंत्री राहिलेले ८१ वर्षांचे मोरारजी मात्र बचावले. जखमी प्रवाशांच्या मदतीला प्रथम धावून आले ते टेकेलागावचे ग्रामस्थ.

रद्द झालेला करार

पथकाच्या हेलिकॉप्टर ताफ्याचे नूतनीकरण मात्र वादात अडकले. २०१० मध्ये ऑगस्टा वेस्टलँड कंपनीशी १२ हेलिकॉप्टरसाठी सुमारे ३,५४६ कोटी रुपयांचा करार झाला. लाचखोरीच्या आरोपांनंतर केंद्र सरकारने १ जानेवारी २०१४ रोजी तो रद्द केला. तोपर्यंत तीन हेलिकॉप्टर भारतात पोहोचली होती. त्यानंतर अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या सेवेचा भार एमआय-१७ हेलिकॉप्टरवरच राहिला.

सीमा सुरक्षा दलाची हवाई शाखा

दिल्लीतून चालणारी दुसरी महत्त्वाची सरकारी हवाई सेवा म्हणजे १९६९ मध्ये सुरू झालेली सीमा सुरक्षा दलाची हवाई शाखा. ती केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. निमलष्करी दलांच्या जवानांची ने-आण, जखमींना रुग्णालयात पोहोचविणे आणि आपत्तीत मदतकार्य ही तिची प्रमुख कामे होत. २२ डिसेंबर २०१५ रोजी या शाखेचे सुपर किंग विमान दिल्ली विमानतळावरून उड्डाण करताच द्वारका परिसरात कोसळले आणि त्यातील दहाही जणांचा मृत्यू झाला. रांची येथे हेलिकॉप्टरच्या दुरुस्तीसाठी निघालेले तंत्रज्ञ त्यात होते.

या दोन्ही दुर्घटनांत प्राण गमावलेले सर्वजण सेवेतील कर्मचारी होते. सरकारी विमानातील प्रवाशाचे नाव देशभर पोहोचते. त्याला सुखरूप नेणारे वैमानिक आणि विमान उड्डाणयोग्य राखणारे तंत्रज्ञ मात्र बहुधा अपघातानंतरच लोकांना माहीत होतात.