उताणा होणारा ट्रॅक्टर

बैलांच्या नांगराचा फाळ मुळीत अडकला की बैल थबकतात. शेतकरी नांगर मागे ओढतो, फाळ मोकळा करतो आणि पुन्हा हाकतो. ट्रॅक्टरला असं थबकणं ठाऊक नव्हतं.

१९१७ साली हेन्री फोर्डच्या फोर्डसन ट्रॅक्टरचं उत्पादन सुरू झालं. ट्रॅक्टर हलका आणि स्वस्त, नांगर मागे बैलजोडीला जोडावा तसा अडकवलेला. फाळ खडकाला अडला की मागची चाकं जागीच रुतत, इंजिनाचा जोर मात्र चालूच राही. चाक फिरेना, म्हणून ट्रॅक्टरच त्या चाकांच्या आसाभोवती फिरे आणि चालकाला खाली घेऊन उताणा पडे. ट्रॅक्टर सावरण्यापलीकडे जायला जेमतेम पाऊण सेकंद लागतो. क्लचवर पाय जाईतो खेळ संपलेला असतो. डेट्रॉइटच्या ‘पिप्स वीकली’ने १९२२ मध्ये या ट्रॅक्टरवर १३६ बळींचा आरोप ठेवला. पुढे फोर्डसनला मागे लांब शेपट्यांचे मडगार्ड मिळू लागले. ट्रॅक्टर मागे कलला तर त्या शेपट्या जमिनीला टेकाव्यात, एवढाच तो उपाय.

खरं उत्तर सापडलं आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनला. हा शेतकऱ्याचा मुलगा. १९०९ मध्ये स्वतः बांधलेलं विमानही त्याने उडवलं होतं. पहिल्या महायुद्धात धान्य वाढवण्यासाठी सरकारने त्याला ट्रॅक्टरच्या नांगरटीकडे लक्ष द्यायला सांगितलं, आणि नांगर ओढायचा नसून ट्रॅक्टरचाच अवयव करायचा, हे त्याच्या मनात पक्कं झालं. ट्रॅक्टर आणि नांगर जोडायला खाली दोन दांडे, वर एक. अडलेला नांगर पुढे उलथू पाहतो, तेव्हा वरचा दांडा, म्हणजे आपला टॉप लिंक, ट्रॅक्टरला पुढे रेटतो. पुढची चाकं जमिनीवर दाबलेली राहतात. जो हिसका माणसाला मारत होता, तोच आता त्याला सावरू लागला. इतक्या साध्या तीन दांड्यांत एवढी माया असेल, असं पाहून वाटत नाही.

१९३९ मध्ये ही जोडणी फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरवर आली. नंतर फोर्ड कंपनीचं आणि फर्ग्युसनचं फाटलं, खटला चालला आणि १९५२ मध्ये फर्ग्युसनला ९२ लाख ५० हजार डॉलर मिळाले.

आज महाराष्ट्रातल्या नांगरापासून रोटाव्हेटरपर्यंत हेच तीन दांडे आहेत. ट्रॉलीला मात्र त्यांचा आधार नाही. ती हुकावरच ओढली जाते. हूक आसाच्या खाली असला, तर पुढची चाकं उचलताच तो आणखी खाली जातो आणि उलटवणारा जोर कमी होतो. पण चिखलात रुतलेली उसाची ट्रॉली काढताना घाईत कुणी साखळी टॉप लिंकच्या जागी बांधतो, आणि त्या क्षणी त्याचा ट्रॅक्टर पुन्हा १९१७ चा होतो.