फडेप्पा चौगुले : अँटवर्प मॅरेथॉनमधील एकोणिसावा धावपटू

२२ ऑगस्ट १९२०. बेल्जियममधील अँटवर्प शहर महायुद्धातून नुकतेच सावरत होते. त्या दिवशी ऑलिम्पिक मॅरेथॉनच्या प्रारंभरेषेवर दोन मराठी नावे होती : बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार.

ही कथा पुण्यात सुरू होते. डेक्कन जिमखान्याचे अध्यक्षपद सर दोराबजी टाटांकडे होते. १९१९ च्या सुमारास जिमखान्याच्या स्पर्धांत त्यांनी काही शेतकरी मुलांना धावताना पाहिले. मुले अनवाणी होती. युरोपातील नियम त्यांना ठाऊक नव्हते, शास्त्रशुद्ध सराव नव्हता, आहारही बेताचाच. तरीही त्यांची वेळ पाहून टाटा थक्क झाले. योग्य आहार आणि प्रशिक्षक मिळाला तर हीच पोरे जगासमोर उभी राहू शकतील, असे त्यांच्या मनाने घेतले.

मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या मदतीने ब्रिटिश ऑलिम्पिक समितीमार्फत भारताच्या प्रवेशाची वाट मोकळी झाली. १९०० साली पॅरिसमध्ये नॉर्मन प्रिचर्ड एकटेच धावले होते. संघ म्हणावा असा भारताचा हा पहिलाच. त्यात चार धावपटू आणि दोन मल्ल होते. पैकी मल्ल रणधीर शिंदे चौथे आले. पदक एका कुस्तीने हुकले! (हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

आता शर्यतीकडे. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९२१ मध्ये कायमचे ठरले. अँटवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा होता, ऑलिम्पिकच्या इतिहासातील सर्वांत लांब. फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत जिंकला. एस्टोनियाचा युरी लॉसमन त्याच्या अवघे १२.८ सेकंद मागे होता. दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही. चौगुले मात्र २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत पोहोचले आणि एकोणिसावे आले. हिशेब केला तर दर किलोमीटरला जवळजवळ नेमकी चार मिनिटे पडतात. आजच्या अंतरावर त्याच गतीने सुमारे २ तास साडेअठ्ठेचाळीस मिनिटे लागली असती.

हे यश पुढे उपजीविकेचे साधन होऊ शकले असते का? त्या काळचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. ऑलिम्पिकमध्ये केवळ हौशी खेळाडूंना प्रवेश होता. धावून पैसा कमावणारा तिथे बाद. याच अँटवर्पमध्ये दहा हजार मीटर जिंकलेल्या पावो नुर्मीला १९३२ साली धंदेवाईक ठरवून लॉस एंजेलिसची मॅरेथॉन नाकारण्यात आली. नियम करणारे सुखवस्तू घरचे होते, त्यांना हौस परवडत होती. शेतकऱ्याच्या मुलासाठी या नियमाचा अर्थ वेगळा होता : पाय कितीही वेगवान असोत, पोटासाठी दुसरे काही शोधायचे.

भारतात ही कोंडी पुढे फोडली ती मुख्यतः लष्कराने. पगार, खुराक आणि सरावाला वेळ, या तिन्ही गोष्टी एकाच नोकरीत मिळू लागल्या. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉनमध्ये अकरावे आलेले शिवनाथ सिंग सैनिकच होते. भिंगारच्या छावणीपासून फार दूर नसलेल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे अविनाश साबळेही आधी महार रेजिमेंटचे जवान झाले, सियाचीनला राहिले आणि मग धावपटू म्हणून नावारूपास आले. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचे त्यांचे सुवर्ण ०.०५ सेकंदाने हुकले.

चौगुलेंचे नाव मात्र मागे पडले. ऑलिम्पिक मॅरेथॉन पूर्ण करणारे पहिले भारतीय म्हणून अनेकदा सुरतसिंग माथूर यांचे नाव घेतले जाते. ते १९५२ साली हेलसिंकीत २ तास ५८ मिनिटे ९ सेकंदांत बावन्नावे आले. त्यांची कामगिरी मोलाची आहेच; पण पहिलेपणाचा मान स्वातंत्र्योत्तर भारतापुरता खरा. बत्तीस वर्षे आधी, अर्धा किलोमीटर अधिक लांब मार्गावर, बेळगावचा एक तरुण त्यांच्यापेक्षा सात मिनिटे कमी वेळात ती रेषा ओलांडून गेला होता.