कावेरीचा निनावी महासीर

म्हैसूरजवळच्या कबिनी नदीत १९४६ साली जे. द वेट व्हॅन इंगेन यांच्या गळाला एक महासीर लागला. त्याचे वजन १२० पौंड, म्हणजे सुमारे ५४ किलो भरले. कबिनी ही कावेरीची उपनदी. पाठीवर उंचवटा आणि नारिंगी पर असलेला हा महाकाय मासा कावेरीच्या खोऱ्यातला. अन्य कोणत्याही नदीचा तो मूळ रहिवासी नव्हे. गळाच्या शौकिनांत त्याची कीर्ती देशोदेशी पसरली होती. परंतु शास्त्राच्या दप्तरी त्याला स्वतःचे नाव नव्हते. तो केवळ ‘महासीर’ होता. या निनावीपणाची फार मोठी किंमत त्याला पुढे मोजावी लागली.

या कथेचा दुसरा धागा महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या मुळा-मुठा नद्यांतील निळसर परांचा महासीर कर्नल सायक्स यांनी १८३९ साली शास्त्रात नोंदविला आणि त्याला ‘खुद्री’ हे येथल्याच बोलीतले नाव दिले. धरणे वाढली, सुरुंगाचे बार उडवून मासे मारण्याची दुष्ट प्रथा बोकाळली आणि सर्वत्रच महासीर विरळ होऊ लागले. तेव्हा लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपनीच्या तलावाकाठी खुद्रीच्या पैदाशीचे काम सुरू झाले. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी तिची अंडी व त्यांची वाढ यांचे केलेले वर्णन १९७१ साली प्रसिद्ध झाले. या मंडळींचा हेतू निर्मळ होता आणि परिश्रमही मोठे होते. तेथील बोटुकली पुढे अनेक राज्यांतील जलाशयांत व नद्यांत गेली. कावेरीतही ती सोडण्यात आली.

महासीर कमी झाले, म्हणून महासीर सोडले. वरवर पाहता यात काहीच वावगे नव्हते. परंतु मुळा-मुठेचे पाणी भीमेवाटे कृष्णेस मिळते, कावेरीस नव्हे. एकाच देशातला असला, तरी कावेरीत तो मासा परकाच होता.

कावेरीकाठच्या गलीबोरे येथील छावणीत मासा गळाने धरून पुन्हा पाण्यात सोडण्याचा रिवाज होता, आणि धरलेल्या माशांची नोंद ठेवली जाई. १९९८ ते २०१२ या काळात अशा ६,१६१ महासीरांची नोंद झाली. पुढे संशोधकांनी या वह्या तपासल्या, तेव्हा त्यांतून दोन गोष्टी उघड झाल्या. निळ्या परांचे महासीर भराभर वाढत होते. आणि नारिंगी परांचे वर्षागणिक कमी होत होते. मात्र जे थोडे सापडत, ते पूर्वीपेक्षा आकाराने मोठे असत. मोठा मासा मिळाला, की गळ टाकणाऱ्यास आनंदच होणार. परंतु त्या आनंदातच खरे अशुभ दडलेले होते. नवी पिढी निपजत नव्हती आणि जुनी म्हातारी होत चालली होती. ज्या घरात केवळ वृद्धच उरले आहेत, त्या घरासारखी त्या कुळाची अवस्था झाली होती.

तरीही हाक उठली नाही. महासीर या एकाच शब्दाखाली दोन्ही माशांची मोजदाद होई, आणि नदी भरलेलीच दिसे. जागतिक सूचीत ‘संकटग्रस्त’ ठरला तो खुद्री. कारण त्याला नाव होते. ज्याला नाव नव्हते, त्याला सूचीत जागा कोठून मिळणार? अखेर २०१८ साली संशोधकांनी दाखवून दिले, की २००७ मध्ये केरळातील पांबार नदीतून वर्णिलेला ‘टॉर रेमादेवी’ तो हाच. पांबारचे पाणीही शेवटी कावेरीसच मिळते. नाव मिळाले त्याच वर्षी ‘अतिसंकटग्रस्त’ ही नोंदही त्याच्या वाट्यास आली. उलट, नव्याने केलेल्या पाहणीनंतर खुद्रीला चिंतामुक्त ठरविण्यात आले.

या इतिहासात कोणी खलनायक नाही, आणि म्हणूनच तो अधिक बोधप्रद आहे. लोणावळ्याच्या प्रयत्नाने एक कुळ तरले, हे खरेच; परंतु तेच कुळ परक्या नदीत दुसऱ्याच्या मुळावर आले. कावेरीच्या महासीरास धरणे, वाळूचा उपसा आणि सुरुंग यांपासून जपावे लागेलच; पण त्याला सद्भावनेने सोडलेल्या परक्या बोटुकलीपासूनही जपावे लागेल. नदीत मासा सोडण्यापूर्वी, हा मासा कोणत्या नदीचा, एवढा एक प्रश्न विचारला गेला पाहिजे.