पाटी कुणाच्या नावावर?

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट खुले केले. पण ‘डॉट इन’ची पाटी छोट्या व्यापाऱ्याच्या आवाक्यात यायला आणखी दहा वर्षे गेली. १९९२ ते २००४ या काळात अशी जेमतेम ७,००० नावे नोंदली गेली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही टंचाई बाजाराची नव्हे, नियमांची दिसते. २००५ साली धोरण सैल झाले, नोंदणी ‘निक्सी’कडे आली. २०११ मध्ये तर गूगलने होस्टगेटरच्या साथीने लहान उद्योगांना पहिल्या वर्षापुरते नाव व संकेतस्थळ फुकट देऊ केले.

पुढे दिल्लीत मसाले विकणाऱ्या एका मराठी बाईंना पहिले संकेतस्थळ उभारण्यास मी मदत केली. दरपत्रक, छायाचित्रे, सारे जमले. नावाची नोंद मात्र स्थळ बनवणाऱ्या मुलाच्या ईमेलवर झाली. तो परगावी गेला. नूतनीकरणाच्या सूचना त्यालाच जात राहिल्या, आणि पाकिटांवर छापलेले नाव एके दिवशी हातचे गेले. फाईलवर आधी मालकाचे नाव पाहणारा मी, इथे ते पाहिलेच नाही! नवे नाव बाईंनी स्वतःच्या ईमेलवर नोंदवले. जुनी पाकिटे संपेपर्यंत त्यांवर चिठ्ठ्या चिकटवाव्या लागल्या.