वऱ्हाडातून समरकंद : सहा दिवसांच्या प्रवासाची आखणी

वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर आणि उझबेकिस्तानातील समरकंद ही दोन नावे एका दमात घेण्याचे कारण सहसा पडत नाही. इतिहासाने मात्र ती फार पूर्वीच जोडून ठेवली आहेत. हैदराबादच्या निजाम घराण्याचा मूळ पुरुष ख्वाजा आबिद हा समरकंद परिसरातून शहाजहानच्या काळात हिंदुस्थानात आला आणि १६८७ मध्ये गोवळकोंड्याच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून मरण पावला. त्याचा नातू निजाम-उल-मुल्क याने ११ ऑक्टोबर १७२४ रोजी सध्याच्या बुलडाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे मुबारीजखानाचा पराभव केला. दक्षिणेतील त्याची सत्ता तेथे पक्की झाली. पुढे नागपूरकर भोसल्यांशी महसुलाची वाटणी होत राहिली, तरी १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली होईपर्यंत मंगरूळ परगण्यावर हक्क सांगणारे घराणे मुळात समरकंदकडचेच होते. हयात कलंदर यांच्यासह येथील दर्ग्यांमुळे गावाच्या नावापुढे लागलेला ‘पीर’ हा शब्दही फारसीतलाच. समरकंदच्या गल्ल्यांत आजही फारसीची बहीण असलेली ताजिक भाषा बोलली जाते.

असे असले तरी मराठी पर्यटकाच्या यादीत समरकंद अलीकडेच आले. भारतीयांना उझबेकिस्तानचा ई-व्हिसा २०१८ पासून मिळू लागला, विमानाचा प्रवास अवघ्या तीन तासांचा, आणि खर्च युरोपच्या मानाने आटोक्यात. तथापि, बाजारात विकल्या जाणाऱ्या बहुतेक सहली ताश्कंदमध्ये तीन-चार मुक्काम आणि समरकंदला एका दिवसाची धावती फेरी अशा बेताच्या असतात. पहाटेची आगगाडी, दुपारी उन्हात चार वास्तू, रात्री परत. वर्षभराची शिल्लक खर्चून गेलेल्या कुटुंबाला त्यातून छायाचित्रे मिळतात, शहर मिळत नाही. म्हणून हा प्रवास स्वतः आखणे हिताचे. त्यासाठी आवश्यक ती माहिती पुढे दिली आहे.

केव्हा जावे?

समरकंदचे हवामान खंडांतर्गत, म्हणजे दोन्ही टोकांचे. जुलैमध्ये पारा ३५ ते ४० अंशांपर्यंत चढतो, जानेवारीत शून्याखाली उतरतो. एप्रिल ते मेचा मध्य आणि सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य हा उत्तम काळ होय. मुलांच्या शाळा असलेल्या कुटुंबांना मेचा पहिला पंधरवडा सोयीचा ठरतो. वऱ्हाडात त्या वेळी ऊन अंगाची लाही करीत असते, तर तिकडे सकाळी चालणे सुखाचे असते. दिवाळीच्या सुटीत जायचे झाल्यास लोकरी कपडे सोबत हवेत. २१ मार्चच्या सुमारास येणारा नवरोज हा तेथील मोठा सण. शहर तेव्हा सजलेले असते, पण तिकिटे व खोल्या मिळणे कठीण जाते.

कागदपत्रे आणि पैसा

विदर्भाचे पासपोर्ट कार्यालय नागपूरला आहे. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी. ई-व्हिसासाठी उझबेक सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच अर्ज करावा. एका प्रवेशाच्या, तीस दिवसांच्या व्हिसाचे शुल्क २० अमेरिकी डॉलर आहे. अर्ज करण्यापूर्वी चालू दर पाहून घ्यावा. यासाठी शेकड्यांनी जादा रक्कम मागणारे मध्यस्थ टाळावेत. अर्जातील नावाचे स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे अक्षरशः तेच असले पाहिजे, कारण एका अक्षराच्या चुकीनेही विमानतळावर अडवणूक होऊ शकते.

परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाची नोंद करणे तेथे कायद्याने बंधनकारक आहे. हॉटेले ती स्वतः करतात. खासगी घरात राहणाऱ्याने मात्र नोंद झाली की नाही याची खात्री करावी आणि मिळालेली प्रत्येक चिठ्ठी परत निघेपर्यंत जपून ठेवावी.

चलन ‘सोम’. एका डॉलरला दहा हजारांहून अधिक सोम मिळत असल्याने जेवणाचे बिल लाखांत येते. पहिल्या दिवशी त्याचा धसका बसतो, दुसऱ्या दिवशी सवय होते. २०१७ च्या चलन-सुधारणांनंतर बँकेतील आणि बाहेरील दरांत फरक उरलेला नाही. त्यामुळे रस्त्यावर पैसे बदलून घेण्याचे कारणच नाही. भारतीय रुपये तेथे सहजासहजी चालत नाहीत. न फाटलेल्या, न मळलेल्या डॉलरच्या नोटा न्याव्यात.

औषधांबाबत विशेष सावधगिरी हवी. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या काही वेदनाशामक, खोकल्याच्या व झोपेच्या औषधांतील ट्रामाडोल, कोडीन यांसारख्या घटकांवर तेथे कडक निर्बंध आहेत. वृद्ध प्रवाशांनी आपली औषधे निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवून इंग्रजी चिठ्ठी बरोबर घ्यावी आणि मूळ वेष्टनातूनच न्यावीत.

कसे जावे?

मंगरूळपीर तालुक्यातील शेलूबाजार येथून समृद्धी महामार्गावर चढता येते. तेथून नागपूर अडीच-तीन तासांवर आले आहे. नागपूरहून दिल्ली आणि दिल्लीहून ताश्कंद हा सरळ मार्ग. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केल्यानंतर इंडिगोला आपली ताश्कंद सेवा थांबवावी लागली होती. त्यामुळे कोणती कंपनी कोणत्या दिवशी उड्डाण करते हे आधी पाहावे आणि मगच नागपूर-दिल्लीचे तिकीट काढावे. दोन्ही विमानांची तिकिटे वेगवेगळी असल्यास मध्ये किमान सात-आठ तासांचे अंतर ठेवावे. हिवाळ्यात दिल्लीचे धुके लक्षात घेता एक रात्र राखून ठेवलेली बरी.

ताश्कंद ते समरकंद हे सुमारे ३४४ किलोमीटरचे अंतर ‘अफ्रोसियोब’ ही वेगवान गाडी दोन तासांहून थोड्या अधिक वेळात कापते. २०११ पासून ती धावत आहे. तिची तिकिटे हंगामात लवकर संपतात, म्हणून विमान निश्चित होताच रेल्वेचे आरक्षण पाहावे. ते न मिळाल्यास ‘शर्क’ ही संथ गाडी आहेच. घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे असते.

सहा दिवस

पहिला दिवस ताश्कंदचा. २६ एप्रिल १९६६ च्या भूकंपाने हे शहर उद्ध्वस्त झाले आणि नव्याने बांधले गेले. त्यामुळे ते पाहताच ‘मध्य आशिया’ डोळ्यांत भरत नाही. तरीही भारतीय प्रवाशाने येथे थोडा वेळ काढावा. १० जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद करारावर सह्या झाल्या आणि त्याच रात्री, ११ जानेवारीच्या पहाटेपूर्वी, लालबहादूर शास्त्री यांचे येथे निधन झाले. त्यांच्या नावाचा रस्ता व अर्धपुतळा शहरात आहे. १९७७ मध्ये सुरू झालेल्या भुयारी रेल्वेची स्थानके हे या शहराचे दुसरे आकर्षण.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने समरकंद. दुपारी विश्रांती घेऊन सायंकाळी गुर-ए-अमीर पाहावे. तैमूरने हे स्मारक १४०३ मध्ये मरण पावलेल्या आपल्या लाडक्या नातवासाठी, मुहंमद सुलतानसाठी, उभारावयास घेतले. १४०५ मध्ये चीनच्या स्वारीवर निघालेला तैमूर वाटेत मरण पावला आणि तोही येथेच विसावला. काळसर हिरव्या दगडाची त्याची समाधी पाहताना डिसेंबर १३९८ मधील दिल्लीची कत्तल भारतीय मनाला आठवणारच. उझबेकिस्तानात तो राष्ट्रपुरुष मानला जातो. हे दोन्ही सत्य एकाच वेळी मनात ठेवता आले, तर पुढचे चार दिवस अधिक कळतात.

तिसरा दिवस रेगिस्तानचा. या शब्दाचा अर्थ वाळूची जागा. चौकाच्या तीन बाजूंस तीन मदरसे आहेत. पश्चिमेचा उलुघ बेगचा, १४१७ ते १४२० मधील. समोरचा शेर-दोर, १६१९ ते १६३६ मधील. आणि मधला तिल्ला-कोरी, १६४६ ते १६६० मधील. शेवटचा मदरसा पूर्ण झाला त्याच सुमारास आपल्याकडे बीबी का मकबरा उभा राहत होता, ही तुलना लक्षात ठेवण्याजोगी आहे. सकाळी लवकर एकदा आणि दिवे लागल्यावर एकदा असे दोनदा येथे यावे. दुपारी बीबी खानुम मशीद पाहावी. तिच्या बांधकामासाठी दगड वाहण्यास तैमूरने हिंदुस्थानातून नेलेले पंचाण्णव हत्ती राबल्याचे तत्कालीन वृत्तांत सांगतात. १८९७ च्या भूकंपात ती बरीच ढासळली. आज दिसते त्यातील मोठा भाग गेल्या शतकातील पुनर्बांधणी आहे. शेजारच्या सियोब बाजारात नान, सुकामेवा, डाळिंबे यांची रेलचेल असते.

चौथ्या दिवशी पहाटे शाह-ए-जिंदा. पैगंबरांचे चुलतबंधू कुसम इब्न अब्बास यांच्या स्मृतिस्थानाभोवती शतकानुशतके वाढत गेलेली ही समाध्यांची गल्ली आहे. निळ्या कौलांची इतकी विविधता शहरात अन्यत्र नाही. हे आजही जिवंत श्रद्धास्थान आहे. मंगरूळपीरच्या दर्ग्यात जी अदब सहज पाळली जाते तीच येथेही पुरते. अंगभर कपडे, हळू आवाज आणि दुआ मागणाऱ्यांचे छायाचित्र न काढणे. नंतर अफ्रासियाब वस्तुसंग्रहालयात सातव्या शतकातील राजदूतांचे भित्तिचित्र पाहावे. ते १९६५ मध्ये सापडले आणि त्याच्या एका भिंतीवर भारताचे चित्रण असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. पुढे उलुघ बेगची वेधशाळा. वेधयंत्राचा जमिनीखालील कमानदार भाग तेवढा आज उरला आहे. १९०८ मध्ये तो उत्खननात सापडला. या राजाने १०१८ ताऱ्यांची सारणी तयार करवली. १४४९ मध्ये मुलाच्याच चिथावणीने त्याची हत्या झाली. त्याच्या सारण्यांचा आधार जयपूरच्या सवाई जयसिंहाने घेतला, म्हणजे दिल्लीच्या जंतरमंतरची एक वाट येथून निघते. वेळ उरल्यास कोनिगिल येथे तुतीच्या सालीपासून हातकागद बनताना पाहावा. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याची ज्यांना माहिती आहे त्यांना ही प्रक्रिया ओळखीची वाटेल.

पाचवा दिवस शहरिसब्ज या तैमूरच्या जन्मगावासाठी. घाट ओलांडून मोटारीने जावे लागते. हिवाळ्यात घाट बर्फाने अडू शकतो. अक-सराय राजवाड्याच्या प्रवेशद्वाराचे दोन प्रचंड खांब तेवढे आज उभे आहेत. मात्र स्मारकांभोवतीची जुनी वस्ती पाडून तेथे बागा आणि हॉटेले उभारल्यामुळे २०१६ मध्ये युनेस्कोने हे गाव संकटग्रस्त वारशाच्या यादीत टाकले. पर्यटकांसाठी गाव सजवताना गावच कसे हरवते, याचा हा धडा लोणार, सिंदखेडराजा वा कारंजा येथे विकास आराखडे आखणाऱ्यांनी आवर्जून पाहावा असा आहे.

सहाव्या दिवशी परतीची गाडी. ताश्कंदच्या चोरसू बाजारात खरेदी आणि रात्रीचे विमान. एकच दिवस कमी करावयाचा असेल तर शहरिसब्ज वगळावे, समरकंदचा मुक्काम कमी करू नये.

शाकाहारी प्रवाशांसाठी

उझबेक जेवणाचा कणा म्हणजे मांस. पुलावात, समशात, रश्श्यातही ते असतेच. ‘मांस नको’ म्हटल्यावर वरचे तुकडे काढून तोच पदार्थ पुढे येण्याची शक्यता असते, आणि भाजीही मेंढीच्या चरबीत शिजलेली असू शकते. म्हणून मागणी सविस्तर करावी. नान, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, दही, फळे यांवर दिवस सुखाने निघतो. भारतीय वैद्यकीय विद्यार्थ्यांची वर्दळ असल्याने समरकंदमध्ये भारतीय खाणावळीही आहेत. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट सोबत असले की वडीलधाऱ्यांची चिंता मिटते. पाणी बाटलीबंदच घ्यावे.

भाषेची अडचण वाटते तेवढी नाही. बाजार, दोस्त, हवा, अनार हे शब्द किंचित वेगळ्या उच्चारांनी कानी पडतात. एकच इशारा : तेथे ‘सब्जी’ मागितल्यास गाजर मिळते.

निघण्यापूर्वी

आखणीचा क्रम असा ठेवावा : पासपोर्ट, सुटीची तारीख, दिल्ली-ताश्कंद विमान, व्हिसा, रेल्वे, मुक्काम आणि सर्वांत शेवटी नागपूर-दिल्ली. प्रवास विमा टाळू नये. आणि जमल्यास त्याआधी एक रविवार छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीला द्यावा. तेथे चिरविश्रांती घेणारे बाबा शाह मुसाफिर हे बुखाऱ्याजवळील गिज्दुवानचे. त्यांच्या तकियात मध्य आशियातून आलेल्या वाटसरूंना आसरा मिळत असे. ज्या वाटेने ते चालत, घोड्यांवरून, महिनोन्‌महिने इकडे आले, ती वाट आज उलट दिशेने तीन तासांत संपते. वाचलेला हा वेळ शहर नीट पाहण्यात खर्च केला, तरच तिकिटाचे पैसे वसूल झाले असे म्हणता येईल.