घोड्याच्या पाठीवरचे बिऱ्हाड

तुमसर तालुक्यातला आंबागड सातपुड्याच्या एका टेकडीवर, दाट झाडीत उभा आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या आज्ञेवरून त्याचा सुभेदार राजा खान पठाण याने तो सन १७००च्या सुमारास बांधला. पुढे चाळीसेक वर्षांत देवगडचे राज्य नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या हाती गेले. भोसल्यांनी गडाचा उपयोग तुरुंगासारखा केला, आणि त्यानंतर इंग्रज आले. गडाची माहिती सांगताना सगळे इथेच थांबतात. बुरूज, दरवाजा, कैदी आणि विहीर एवढ्यात आंबागड संपतो. पण ज्या फौजांनी हा मुलूख जिंकला, राखला आणि शेवटी गमावला, त्या घोडदळाच्या होत्या, आणि घोडा कधी बुरुजावर राहत नाही. तो कुठे राहत होता, त्याच्याबरोबर स्वार कुठे झोपत होता, दोघांचे बिऱ्हाड कसे हलत होते आणि कशाने मोडत होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. मराठी घोडदळाची कीर्ती वेगासाठी आहे, पण हा वेग घोड्याच्या टापांत जेवढा होता, त्याहून जास्त मागे ठेवलेल्या पावसाळी छावणीत होता, असे माझे म्हणणे आहे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते खरे, पण घोडेस्वाराचे बिऱ्हाड आठच महिने पाठीवर राहू शकते. उरलेल्या चार महिन्यांची सोय नसेल, तर पुढच्या आठ महिन्यांत घोडा उरत नाही.

हे समजण्यासाठी आधी घोड्याचे पोट पाहावे लागते. तीनशे किलोच्या दख्खनी घोड्याला दिवसाला निदान सहा किलो सुका चारा आणि दाणा लागतो. पाणी पंचवीस लिटर किंवा त्याहून जास्त. दहा हजार स्वारांची फौज धरली, तर एका दिवसाची वैरण साठ हजार किलो भरते. बैलाच्या पाठीवर सुमारे शंभर किलो ओझे धरले, तर रोज सहाशे बैल रिकामे होणार, म्हणजे महिन्याला अठरा हजार. एवढे बैल कोणत्याही बंजाऱ्याच्या तांड्याने पुरवले, तरी त्यांना चरायला पुन्हा रान हवेच. इथेच घोडे पेंड खाते. चालत्या फौजेची वैरण बरोबर नेता येत नाही, ती वाटेवर मिळवावी लागते. भंडाऱ्याचा मुलूख तर भाताचा आणि तलावांचा. पाणी मुबलक असले, तरी भाताचे तणस घोड्याला मानवत नाही. त्याला गवत आणि हरभऱ्याची चंदी हवी. म्हणजे अशा मुलखात घोडदळ ठेवायचे असेल, तर चारा आधी कापून, वाळवून, झाकून ठेवलेला असला पाहिजे. हे काम तलवारीचे नाही, कारकुनाचे आहे.

मराठी राज्याने हे ओळखले होते, याचा पुरावा सभासदाच्या बखरीत आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला लिहिलेल्या या बखरीत पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर, म्हणजे सरकारी घोड्यांवरच्या स्वारांवर, एक हवालदार, आणि त्या पंचवीस घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी व एक नालबंद. हा नालबंद नीट पाहण्यासारखा आहे. पंचवीस घोड्यांचे खूर शंभर, आणि नाल पाच-सहा आठवड्यांनी बदलावा लागतो. म्हणजे एका माणसाकडे रोजचे दोन-तीन खूर आले. कसलेला नालबंद दिवसात चार-पाच घोडे सहज पुरे करतो, मग पंचवीस घोड्यांमागे एक माणूस ही चैन कशाला? कारण उघड आहे. सह्याद्रीच्या खडकाळ वाटेवर नाल केव्हा निखळेल, हे सांगता येत नाही, आणि तेव्हा नालबंद दहा कोस मागे असून उपयोग नाही. दुरुस्तीची सोय सर्वांत लहान तुकडीत, घोड्याच्या सोबतच हवी, हा विचार त्या आकड्यात आहे. त्याच बखरीप्रमाणे पावसाळ्यात लष्कर छावणीस परत यायचे. तिथे दाणा, वैरण आणि औषधे तयार, घोड्यांसाठी व माणसांसाठी घरे गवताने शाकारलेली. दसऱ्याला कूच करताना प्रत्येकाच्या चीजवस्तूची यादी होई, आणि परतल्यावर त्या यादीशी ताळा घेतला जाई. बायका, कलावंतिणी बरोबर नेण्यास सक्त मनाई होती. आठ महिने बाहेर आणि चार महिने घरी, या चक्रावर सगळी यंत्रणा उभी होती.

याहून जवळचा पुरावा शिवाजी महाराजांच्या पत्राचा. १६७०च्या दशकात चिपळूणजवळ पागा होती. तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेल्या या पत्रातला रयतेच्या भाजीच्या देठालाही हात न लावण्याचा भाग सर्वांना ठाऊक असतो, आणि भाषणांत तेवढाच वापरला जातो. पण पत्राचा मोठा भाग वैरणीच्या हिशेबाचा आहे. साठवलेला दाणा व गवत आत्ताच मन मानेल तसे खर्च केलेत, तर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असे त्यात बजावले आहे. मग आगीची गोष्ट येते. लोक गवताच्या गंजीजवळ स्वयंपाक करतील, तंबाखू ओढतील. दिवा रात्री तसाच राहिला, तर उंदीर पेटती वात पळवून नेईल, गवत पेटेल, आणि मग एकही घोडा वाचणार नाही. राज्याचा धनी उंदराने नेलेल्या वातीपर्यंत विचार करतो, ही गोष्ट मला त्यांच्या कोणत्याही लढाईइतकीच महत्त्वाची वाटते. भाजीच्या देठाचा हुकूमही याच हिशेबातून येतो. कोठार संपले, की शिपाई कुणब्याच्या घरात शिरणार, हे महाराजांना दिसत होते. रयतेचे रक्षण आणि वैरणीची शिस्त या एकाच हुकुमाच्या दोन बाजू होत्या.

आता हे हलते बिऱ्हाड प्रत्यक्षात कसे होते? मुक्कामाला पोचल्यावर स्वार आधी घोड्याचा तंग सैल करी, खोगीर उतरवी, घोडा टहलवून घाम वाळू देई, मगच पाणी दाखवी. मेखा ठोकून आगाडी-पिछाडी बांधायची, म्हणजे पुढचे पाय आणि मागचे पाय वेगवेगळ्या दोरांनी जखडायचे. नाहीतर रात्री दोन घोडी भांडली, की सगळी रांग सुटते. तोंडाला तोबरा चढवून हरभरा द्यायचा, जमिनीवर टाकायचा नाही, कारण दाण्याबरोबर वाळू पोटात गेली की पोटशूळ ठरलेला. त्यानंतर खरारा. मागची ओल, लीद आणि मूत यांपासून खूर सुटे ठेवणे हे रोजचे काम, नाहीतर खूर आतून कुजतो आणि घोडा लंगडू लागेपर्यंत ते कळत नाही. एवढे झाल्यावर स्वाराची पाळी. त्याचे घर म्हणजे असली तर राहुटी, नाहीतर घोंगडी आणि उशाला खोगीर. शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे, बारगिराचा सरकारचा. त्यामुळे घोडा मेला, तर शिलेदाराचे घर बुडे, आणि तो लढाईत जपून वागे. बारगिराला ती भीती कमी होती, म्हणून सरकारला त्याच्यावर कारकून नेमावा लागे. निगेची जबाबदारी कोणाची, या एका प्रश्नावर फौजेचा स्वभाव ठरत होता.

आठ महिने बाहेर आणि चार महिने घरी, या नियमाची खरी कसोटी नागपूरकरांच्या बंगालच्या स्वारीत लागली. १७४२ साली रघूजींचा दिवाण भास्करराम कोल्हटकर बंगालात उतरला. एप्रिलमध्ये बर्दवानजवळ त्याने नवाब अलीवर्दी खानाची रसद तोडली. नवाबाची फौज उपाशीपोटी काटव्याकडे कशीबशी निसटली. वैरणीचे शास्त्र शत्रूवर कसे उलटवावे, याचा हा नमुनाच. पण मग पावसाळा तोंडावर आला. भास्करपंतांचा विचार परतण्याचा होता. नवाबाची बाजू सोडून मराठ्यांना मिळालेल्या मीर हबीबने त्यांना राहायला लावले आणि भागीरथीकाठी काटव्याला ठाणे पडले. सप्टेंबरच्या अखेरीस दुर्गापूजेच्या धामधुमीत अलीवर्दीने नदी ओलांडून पहाटे छापा घातला, आणि मराठ्यांना सामानसुमान टाकून पळावे लागले. वर्ष संपायच्या आत ते चिल्का सरोवरापलीकडे हटले. यावर असे म्हणता येईल, की हा पराभव गाफीलपणाचा होता, त्यात वैरणीचा काय संबंध? गाफीलपणा होताच. पण चपळ फौज एका जागी तीन-चार महिने बसली म्हणूनच गाफील राहायला जागा मिळाली, आणि ती बसली, कारण चिखलात घोडा चालत नाही. घरची छावणी शेकडो कोस मागे, आणि पुढची परक्या मुलखात. फिरते बिऱ्हाड बसते झाले, की त्याला ना किल्ल्याची भिंत असते, ना घोड्याचा वेग. पुढे १७५१च्या तहात ओरिसा आणि वर्षाला बारा लाखांची चौथाई मिळाली. पण ती दरसाल चालून जाण्याच्या चिकाटीने मिळाली. काटव्याच्या मुक्कामाने काही दिले नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वैरणीच्या गणितातून लूट समजावून सांगणे म्हणजे तिच्यावर पांघरूण घालणे नव्हे काय? बंगालीत गंगारामाने १७५१च्या सुमारास लिहिलेल्या महाराष्ट्र पुराणात बर्ग्यांनी, म्हणजे मराठी स्वारांनी, गावे जाळल्याचे, लोकांचे हाल केल्याचे वर्णन आहे, आणि ते एका कवीची अतिशयोक्ती म्हणून झटकून टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. घोड्याच्या पोटावरून गवत आणि दाणा नेल्याचा खुलासा होतो. रुपयांसाठी केलेल्या छळाचा होत नाही. उलट चिपळूणचे पत्र हेच सांगते, की दुसरी वाट माहीत होती. बाजारात जाऊन रोख पैसे देऊन वस्तू आणा, असा हुकूम पाऊणशे वर्षे आधी निघाला होता. तो हुकूम पाळायला साठा आणि पगार वेळेवर लागतो, आणि नागपूरकरांची फौज मुलूखगिरीवर पगार काढत होती. म्हणजे दोष घोड्याचा नाही, खजिन्याच्या व्यवस्थेचा आहे. पानिपताचा दाखला देऊन कोणी म्हणेल, की मोठा कबिला घेऊनही मराठे दिल्लीपर्यंत गेलेच. गेले, आणि रसद तुटल्यावर ते ओझे कसे भोवले, तेही जगाने पाहिले. १८०९ साली शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याची पत्रे वाचली, तर ती फौज चालते शहर झाल्याचे दिसते. त्यात लढणारे थोडे आणि खोगीरभरती जास्त.

फिरत्या बिऱ्हाडाला थांबण्याच्या काळाचीही सोय हवी, हा नियम घोडदळाबरोबर मेला नाही. बारामतीकडचे मेंढपाळ धनगर पाल, भांडी, कोंबड्या आणि लहान कोकरे भीमथडी तट्टाच्या पाठीवर लादून अजूनही फिरतात. पण तेसुद्धा पावसाळ्यासाठी आपल्या मुलखात परततात. तिकडे अमेरिकेत घोडा आणि मालक एकाच गाडीतून हिंडतात. मागे घोड्यांचे कप्पे, पुढे झोपायची जागा, चूल आणि न्हाणीघर असा ट्रेलर ट्रकला जोडलेला. नवा मालक आधी पुढच्या खोलीच्या गाद्या पाहतो. जाणता मात्र मागच्या भागातले रबर उचलून खालच्या फळ्या तपासतो, कारण मूत झिरपून त्या कुजतात आणि वरून काही दिसत नाही. टायर झिजण्याआधी वयाने तडकतात, चाकांची बेअरिंग ग्रीसवाचून तापतात, पाण्याच्या नळ्या थंडीत फुटतात, आणि उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात. म्हणजे मराठी पागेची बहुतेक सगळी कामे तिथेही आहेत, फक्त पखालजी, नालबंद आणि कारकून हे तिघे एकाच माणसात कोंबले आहेत. गाडी वर्षातले बरेच दिवस उभी असते आणि तेव्हाच बिघडते.

आंबागडच्या विहिरीबद्दल सांगतात, की भोसल्यांच्या काळी कैद्यांना तिचे साचलेले घाण पाणी प्यायला देत आणि ते त्याने मरत. गोष्टीत तिखटमीठ असेल, पण तिचा निम्मा भाग खरा मानला, तरी एक अनुमान निघते. ज्या विहिरीचे पाणी शिक्षा म्हणून पाजायचे, ती पागेची विहीर असू शकत नाही. शंभर घोडी म्हटली, तरी रोजचे अडीच हजार लिटर चांगले पाणी हवे. ते टेकडीवर रोज चढवण्यापेक्षा घोडी खालीच ठेवणे शहाणपणाचे. तेव्हा आंबागडच्या घोडदळाचा इतिहास गडावर सापडायचा नाही. तो पायथ्याच्या सपाट जागी, तलावाच्या काठी आणि सर्वांत जास्त जुन्या मोडी हिशेबांत असणार. किती गवत कापले, नालबंदाला काय दिले, चंदीचा हरभरा कोणत्या गावाहून आला, या नोंदी लढायांच्या बखरीत येत नाहीत. तुमसर, मोहाडी, भंडारा आणि नागपूरकडच्या जुन्या घराण्यांत असे कागदांचे रुमाल माळ्यावर पडून असतील. त्यातले सनदा-पत्रांचे कागद लोक जपतात आणि वैरणीच्या याद्या रद्दीत देतात. ज्यांच्याकडे असे रुमाल असतील, त्यांनी ते मोडी वाचणाऱ्याला दाखवल्याशिवाय टाकू नयेत.