लंडनमधील एक मेजवानी आणि जपानचे कर्ज

रशिया व जपान यांच्यामध्ये १९०४-०५ साली झालेल्या युद्धाविषयी आपल्यातील वडीलधाऱ्या मंडळींनी शाळेच्या पुस्तकात वाचले असेल. एका आशियाई राष्ट्राने युरोपातील बलाढ्य साम्राज्यास नमविले, या वार्तेने त्या काळी हिंदुस्थानातील सुशिक्षितांच्या मनात केवढी आशा उत्पन्न केली, हेही आपण ऐकलेले आहे. आरमारप्रमुख टोगो यांचे पराक्रम त्या पुस्तकांत रंगवून सांगितलेले असत. परंतु त्या तोफांचे व दारूगोळ्याचे पैसे कोठून आले, याचा मात्र तेथे उल्लेख नसे. त्या पैशाची जुळवाजुळव आपण येऊन स्थायिक झालो त्या या देशाच्या राजधानीत झाली आणि तीत एका यहुदी गृहस्थाचा मोठा हात होता. म्हणून ही हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

जपानने कर्ज काढण्यासाठी पाठविलेला माणूस म्हणजे बँक ऑफ जपानचे उपाध्यक्ष ताकाहाशी कोरेकियो. यांचे पूर्वायुष्य एखाद्या कादंबरीस शोभावे असे आहे. १८५४ साली जन्मलेला हा मुलगा एका सामान्य पायदळ शिपायाच्या घरी दत्तक म्हणून वाढला. इंग्रजी शिकता यावे म्हणून योकोहामा बंदरात एका इंग्रजी बँकेतील तरुण अधिकाऱ्याच्या घरी त्याने पोऱ्याचे काम केले. त्या अधिकाऱ्याचे नाव अलेक्झांडर शँड. पुढे १८६७ साली ताकाहाशी अमेरिकेस गेले. तेथे कोणी एक कागद पुढे केला व त्यांनी त्यावर सही केली. शिकण्यासाठी एका कुटुंबात राहावयाचे आहे, एवढीच त्यांची समजूत होती. वस्तुतः तो काही वर्षे चाकरी करण्याचा करारनामा होता! परमुलुखात, परक्या भाषेतील कागदावर सही करताना मनाची काय अवस्था होते, हे आपल्या वाचकांना आम्ही सांगावयास नको. त्या करारातून सुटका करून घेऊन, १८६८ अखेर, ते मायदेशी परतले.

हेच ताकाहाशी १९०४ च्या वसंत ऋतूत लंडनला आले, तेव्हा युद्ध सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. प्रथम ते न्यूयॉर्कला उतरले होते. तेथे कोणी दाद दिली नाही. लंडनमध्ये पार्स बँकेत त्यांची गाठ ज्या वजनदार गृहस्थाशी पडली, ते योकोहामाचे शँडच होते. (ही पार्स बँक पुढे ज्या बँकांत विलीन होत गेली, त्यांतूनच नॅशनल वेस्टमिन्स्टर बँक निर्माण झाली. आपल्यापैकी कित्येकांची खाती तीत असतील.) जुनी ओळख उपयोगी पडली खरी, तथापि जपान जिंकेल असा भरवसा सिटीतील सावकारांना वाटत नव्हता. १९०२ पासून ब्रिटन हे जपानचे दोस्त राष्ट्र होते; पण मैत्री वेगळी आणि पैसा वेगळा. जपानला एक कोटी पौंड हवे होते. पुष्कळ घासाघीस होऊन पन्नास लाखांवर बोलणे थांबले.

मे महिन्याच्या आरंभी, यालू नदीवर जपानी सैन्याने रशियाचा पराभव केल्याची बातमी नुकतीच आली असता, एका मेजवानीत ताकाहाशी यांच्या शेजारी एक अमेरिकन पाहुणे बसले होते. जपानची आर्थिक स्थिती, लोकांची मनःस्थिती, सैन्याचा धीर यांविषयी त्यांनी बारकाईने प्रश्न विचारले. दुसऱ्याच दिवशी शँड यांच्याकडून निरोप आला की, उरलेले पन्नास लाख अमेरिकेत उभे करण्यास ते पाहुणे तयार आहेत. ते न्यूयॉर्कच्या कून-लोब या पेढीचे प्रमुख जेकब शिफ होते.

ताकाहाशी यांनी आपल्या आत्मचरित्रात ही भेट निव्वळ योगायोगाची म्हणून सांगितली आहे. बेअरिंग पेढी व अर्नेस्ट कॅसल यांच्यामार्फत पडद्याआड बोलणी आधीच चालू होती, असे अलीकडील अभ्यासक दाखवितात. आम्हांस तेच अधिक संभवनीय वाटते. एवढी मोठी रक्कम केवळ जेवणाच्या टेबलावर ठरत नाही. परंतु शिफ यांच्या मनात काय होते, याविषयी मतभेद नाही. फ्रँकफर्टमध्ये जन्मून अठराव्या वर्षी अमेरिकेस गेलेला हा धर्मनिष्ठ माणूस. आदल्याच वर्षी, १९०३ च्या पेसाहच्या अखेरीस, रशियन साम्राज्यातील किशिनेव्ह शहरात आपल्या धर्मबांधवांची कत्तल झाली होती. एकोणपन्नास जण मारले गेले. झारला कर्ज मिळू द्यावयाचे नाही आणि त्याच्या शत्रूला द्यावयाचे, हा शिफ यांचा निश्चय होता. अर्थात सहा टक्के व्याज आणि जपानच्या जकातीच्या उत्पन्नाचे तारण ही गोष्टही विसरता कामा नये. धर्मकार्य व व्यवहार येथे एकाच वाटेने चालले होते.

लंडनमध्ये त्या रोख्यांवर लोकांच्या उड्या पडल्या. युद्ध संपण्यापूर्वी असे चार वेळा मिळून ८ कोटी २० लाख पौंड उभे राहिले. १९०६ साली शिफ जपानला गेले, तेव्हा सम्राटांनी त्यांना राजवाड्यात भोजनास बोलावून सन्मानचिन्ह दिले. परतताना ताकाहाशी यांची तरुण कन्या वाकिको शिफ कुटुंबासमवेत न्यूयॉर्कला गेली आणि सुमारे तीन वर्षे त्यांच्या घरी राहिली.

येथवरची कथा आनंदाची आहे. पण त्याच युद्धात रशियाच्या बाजूने हजारो यहुदी सैनिक लढत होते. जोसेफ ट्रम्पेल्डोर हे नाव आपल्याला परिचित आहे. पोर्ट आर्थरच्या वेढ्यात त्यांचा डावा हात गेला. ते जपानचे युद्धकैदी झाले आणि तेथील छावणीत त्यांनी यहुदी कैद्यांना संघटित केले. रशियातील धर्मबांधवांचे दुःखही हलके झाले नाही. सप्टेंबर १९०५ मध्ये पोर्ट्समथचा तह झाला आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूत एकट्या ओडेसामध्ये चारशेहून अधिक यहुदी मारले गेले.

ते जीव वाचवून पळणार कोठे? ११ ऑगस्ट १९०५ रोजी ब्रिटनमध्ये परकीयांच्या आगमनावर निर्बंध घालणारा एलियन्स ॲक्ट मंजूर झाला. त्याचा रोख मुख्यतः रशियातून येणाऱ्या गरीब यहुद्यांवर होता. आणि दुसऱ्याच दिवशी, १२ ऑगस्टला, याच लंडनमध्ये जपानशी मैत्रीचा नवा करार झाला. त्यात हिंदुस्थानच्या सरहद्दीच्या रक्षणाचाही समावेश होता. एका दिवशी छळातून पळणाऱ्यांसाठी दार लोटले, दुसऱ्या दिवशी विजयी दोस्ताचा हात हाती घेतला. १९६२ च्या कायद्याखाली व्हाउचर मिळवून आलेल्या आपल्या कुटुंबांना या दोन तारखांचे मोल अधिक चांगले कळेल.

कोरियाच्या लोकांना तर या विजयाची किंमत स्वातंत्र्य गमावून द्यावी लागली. १९१० साली जपानने तो देश गिळंकृत केला. कर्ज देणाऱ्यांपैकी कोणी त्यांचा विचार केला असेल, असे दिसत नाही.

या कर्जाच्या आठवणीचे पुढे काय झाले, हेही विलक्षण आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सैबेरियात गेलेल्या जपानी अधिकाऱ्यांना रशियन लोकांकडून ‘प्रोटोकॉल्स’ हे खोटे पुस्तक मिळाले. जगाचा पैसा यहुद्यांच्या मुठीत आहे, असे त्यात रचलेले होते. शिफ यांचे उदाहरण डोळ्यांसमोर असल्याने कित्येकांना ते पटले! मात्र एवढ्या सामर्थ्यवान लोकांना दुखवू नये, उलट त्यांचा उपयोग करून घ्यावा, असा तर्क त्यांतील काहींनी लढविला. डिसेंबर १९३८ मध्ये जपानच्या पाच मंत्र्यांच्या परिषदेने यहुद्यांना हाकलू नये असे ठरविले, त्यामागे या विचाराचाही अंश होता. शांघायमध्ये हिटलरच्या तावडीतून सुटलेले सुमारे अठरा हजार लोक जगले. तथापि १९४३ साली जपान्यांनीच त्यांना एका कोंदट वस्तीत डांबले. १९४० साली लिथुआनियातील जपानी वकील सुगिहारा यांनी दोन हजारांवर प्रवासपरवाने दिले, ते मात्र वरिष्ठांची आज्ञा बाजूला सारून, आपल्या मनाची हाक ऐकून.

ताकाहाशी पुढे पंतप्रधान झाले आणि अनेकदा अर्थमंत्री. ज्या सैन्यासाठी त्यांनी लंडनमध्ये उंबरठे झिजविले, त्याच सैन्याचा वाढता खर्च म्हातारपणी ते रोखू लागले. २६ फेब्रुवारी १९३६ च्या पहाटे बंडखोर तरुण लष्करी अधिकारी टोकियोतील त्यांच्या घरात घुसले आणि निजलेल्या जागीच त्यांचा वध केला. तेव्हा ते एक्याऐंशी वर्षांचे होते. ते लाकडी घर आता टोकियोजवळच्या एका वास्तुसंग्रहालयात हलविलेले असून, वरच्या मजल्यावरील ती खोली पाहता येते.